विहिरीच्या पाण्याचा ताळेबंद

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. उपचारांविषयी डॉक्टरांनी बोलावे आणि हिशेबाविषयी आम्ही, ही या सभेची रीत. तरीही आज पाण्याविषयी बोलण्याची अनुमती मागतो, कारण चूक आमच्या कचेरीची होती.

रुग्णालयामागील विहिरीचे पाणी आम्ही मे महिन्यात तपासून घेतले. अहवाल निर्दोष आला. तो फाइलला लावून आम्ही निश्चिंत झालो. जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर जवळच्या वाडीतून उलटी-जुलाबाची मुले येऊ लागली. वाडीच्या विहिरीचे पाणी हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत भरून ठेवले, ते काळे पडले. डॉक्टरांच्या आग्रहावरून दुसरी बाटली आमच्या विहिरीच्या पाण्याची भरली. तीही काळी पडली. पाण्यात विष्ठेतील जंतू शिरल्याचा हा इशारा होता.

मे महिन्याचा अहवाल खोटा नव्हता. ३१ मार्चचा ताळेबंद त्या दिवसापुरता खरा असतो, हे आम्ही जन्मभर जाणतो. पाण्यालाही तोच न्याय लागतो, हे मात्र ध्यानी आले नव्हते.

आपल्या रत्नागिरीचा जांभा सच्छिद्र आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो या दगडातून भराभर खाली उतरतो आणि तसाच निघूनही जातो. म्हणून वैशाखात विहिरी तळ गाठतात. मातीच्या जाड थरातून सावकाश झिरपताना पाणी गाळले जाते. जांभ्यात तेवढी सवड त्याला क्वचितच मिळते. शौचालयाच्या खड्ड्यातील आणि गोठ्यातील घाण पहिल्या पावसासरशी विहिरीत उतरू शकते. पाणी दिसते मात्र नितळ, आणि वाडवडिलांनी खोदलेल्या विहिरीवर संशय घेणे कोणालाच रुचत नाही.

जंतूंसाठी क्लोरीनची भुकटी अथवा उकळणे पुरेसे ठरते. क्लोरीन घातल्यावर अर्धा तास थांबावे आणि लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे ना, हे पाहावे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांस घातक ठरू शकते. खाडीकाठच्या विहिरींत उन्हाळ्यात खारेपणा वाढतो, तो निराळाच. यांची रासायनिक तपासणी प्रयोगशाळेतच होते. काळ्या बाटलीला ती कळत नाही.

यापुढे रुग्णालयाच्या विहिरीची जंतुतपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा सुरू होताच, अशी दोनदा होईल. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा. दोन्ही अहवाल तारखेसह बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर लावले जातील, प्रतिकूल असले तरीही. एका विश्वस्तांनी यामुळे लोक बिचकतील, अशी शंका काढली होती. ती आम्ही नम्रपणे अमान्य केली.

घरच्या विहिरीचे पाणी तपासू इच्छिणाऱ्यांनी निर्जंतुक बाटली कचेरीतून घेऊन जावी. घरची बाटली, कितीही स्वच्छ धुतलेली असली तरी, चालणार नाही. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नये, नमुना घेतल्याची तारीख व वेळ लिहावी आणि बाटली शक्यतो त्याच दिवशी, थंड ठेवून, आणून द्यावी.