कधी पोहोचशील?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



विमान कंपनीच्या नियोजन विभागात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. कुठले विमान कुठल्या मार्गाने न्यायचे, इंधन किती भरायचे, हे आमचे काम. त्यामुळे बॅचमधल्या कुणाच्याही घरी काही झाले, की मला फोन येतो: "लंडनहून मुंबईला किती तास लागतात रे?"

उत्तर सोपे आहे. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. येताना साडेआठ-नऊ तास, जाताना साडेनऊ-दहा. हा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, थंडीत अधिकच. येताना तो पाठीशी असतो, जाताना छातीवर. शिवाय वाटेतले आकाश कुणाच्या तरी मालकीचे असते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने ते बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागत होता. नकाशावरचे अंतर तेच, वेळ मात्र वाढली.

तिकिटावरची वेळही नीट वाचावी लागते. पुणे-दिल्ली हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. तिकिटावर साधारण सव्वादोन तास दिसतात, पण हवेत विमान त्याहून कमी असते. जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. परदेशी प्रवासात घड्याळाचा घोळ वेगळाच. हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ ला निघालेले विमान मुंबईला सकाळी साडेअकराच्या सुमारास उतरते. घरच्यांना वाटते, साडेचौदा तास लागले!

पण फोन करणाऱ्याचा खरा प्रश्न हा नसतोच. खरा प्रश्न घरी विचारला जात असतो: थांबायचे का, की उरकून घ्यायचे? आपल्याच बॅचमधल्या एकाने तिकडून सांगितले, "नऊ तासांचं विमान आहे, थांबा." भाऊबंद दारात बसून राहिले. म्हाताऱ्या चुलत्यांनी सकाळपासून पाणीही घेतले नव्हते. संध्याकाळ झाली तेव्हा आपला मित्र अजून हीथ्रोवर रांगेत होता.

त्याचा हिशोब मांडून बघा. तिकडच्या घरापासून विमानतळ दीड तास. तीन तास आधी हजर राहायचे. विमान नऊ तास. मुंबईत पासपोर्ट, सामान, दीड तास. मग जामखेड, म्हणजे रस्त्याने सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर; घाट आणि गर्दी धरून सात-आठ तास. झाले बावीस-तेवीस! आणि हे त्याच दिवशीचे विमान मिळाले तर. यात विमानाचा वाटा निम्म्याहूनही कमी.

आपल्या गावात रेल्वे आलीच नाही. पुणे घ्या, शिर्डी घ्या, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आत यातला एकही विमानतळ नाही. शिर्डीचा २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. पण तिथे उड्डाणे मोजकी, त्यामुळे घाईच्या वेळी बहुतेकांना पुणे-मुंबईच गाठावे लागते.

म्हणून ज्यांचे आईवडील अजून इथे आहेत, त्यांनी तिकडच्या दारापासून इकडच्या दारापर्यंतचे तास आत्ताच मोजून ठेवा आणि घरी एका जाणत्या माणसाला सांगून ठेवा. थांबायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या. थांबले नाहीत तर मनात धरू नका.

जेवणानंतर मी दहावी 'ब'च्या वर्गात बसतो. आपापले शहर सांगा, तास मांडून देतो. कागद-पेन मी आणले आहेत.