एक गृहस्थ

(गावातील मुलांच्या नाटक मंडळाच्या सत्कार समारंभात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मुलांचे नाटक आहे. आत मुलांना रंगवण्याचे काम चालू आहे. राक्षसाच्या मिशा काही केल्या चिकटत नाहीत, असा निरोप आला आहे. तोवर गुरुजी, तुम्ही बोला, असे मला सांगितले. मिशा चिकटल्या की मी थांबेन.

तुम्ही सगळे सतरंजीवर बसला आहात. ही सतरंजी कोणाच्या घरून आली? कोणी झाडली, कोणी अंथरली? तुम्ही विचारले नाही. विचारायचे कारणही नाही. नाटकाला आलेला माणूस नाटक बघतो. राजा बघतो, राक्षस बघतो, आपले पोर कुठे उभे आहे ते बघतो. पण राजाच्या अंगावर अंगरखा यायला वर्गणी गोळा करावी लागते. दारोदार जावे लागते. "उद्या या" हे शब्द दहा वेळा ऐकावे लागतात. ही कामे मंडळाच्या अध्यक्षाने, चिटणिसाने आणि खजिनदाराने करायची. त्यांना पगार नाही. बोलणी मात्र भरपूर. आज आपण आपल्या मंडळाच्या अशा जुन्या माणसांचा सत्कार करतो आहोत.

हे फक्त खेड्यातच घडते असे समजू नका. मुंबईतली गोष्ट सांगतो. मुंबईत गिरगाव म्हणून भाग आहे. तिथे मुंबई मराठी साहित्य संघ ही संस्था आहे. 1935 साली ती सुरू झाली. तिच्यासाठी झटणारे एक डॉक्टर होते, अमृत नारायण भालेराव. पोटाचा धंदा डॉक्टरकीचा आणि ओढ नाटकाची. त्या काळी बोलणारा सिनेमा आला होता. नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या. नाटक आता संपले, असे शहाणी माणसे म्हणू लागली होती. सांगलीला 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिले मराठी नाटक केले, त्याला शंभर वर्षे झाली होती. भालेरावांनी माणसे जमवली आणि 1944 साली मुंबईत नाटकांचा मोठा उत्सव भरवला. लोक पुन्हा नाटकाला येऊ लागले.

संघाचे स्वतःचे पक्के नाट्यगृह व्हावे, ही फार दिवसांची इच्छा होती. ते उभे राहिले 1964 साली. डॉक्टर तर 1955 सालीच वारले होते. ज्या घरासाठी माणूस राबला, त्या घराचा उंबरा त्याला ओलांडता आला नाही. पण संघाची माणसे विसरली नाहीत. त्या नाट्यगृहाला त्यांनी भालेरावांचे नाव दिले. कधी चर्नी रोड स्टेशनवर उतरलात तर जाऊन बघा. आता तुम्हाला वाचता येते. नाव वाचा.

आता म्हणाल, यात मुलांचे नाटक कुठे आले? तेच सांगतो. या संघाच्या कामात तात्या आमोणकर नावाचे गृहस्थ होते. त्यांची मुलगी सुधा. लग्नानंतर त्या सुधा करमरकर झाल्या. मुलांसाठी नाटक कसे करतात हे शिकायला त्या अमेरिकेत गेल्या. परत आल्यावर संघाच्या आधाराने त्यांनी 1959 साली मुलांची रंगभूमी सुरू केली. पहिले नाटक होते 'मधुमंजिरी'. त्यात सुधाताई स्वतः चेटकीण झाल्या. तोवर मुलांचे नाटक म्हणजे बहुतेक करून शाळेचे गॅदरिंग. पोरांनी पाठ म्हणायचे आणि आईबापांनी टाळ्या वाजवायच्या. सुधाताईंचे म्हणणे वेगळे. मोठ्या, तयार नटांनी मुलांसाठी कामे करावीत. देखावे खरे वाटावेत. लहानाला मिळते ते कमी प्रतीचे का असावे? मला हे म्हणणे फार पटते. आपल्याकडे फुटका कप आणि उसवलेली गोधडी पोराच्या वाट्याला येते.

'मधुमंजिरी' लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा विशीतले होते. बँकेत नोकरी करत. 1962 साली त्यांनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. नाटकासाठी ते पदरचे पैसे घालत. कितीतरी वर्षे घातले. पुढे उतारवयात त्यांनी ठाण्याच्या वस्त्यांतल्या गरीब मुलांना हाताशी धरले आणि त्यांच्याकडून त्यांच्याच जगण्यावर नाटके करवून घेतली. 2020 साली ते गेले.

आणखी एका माणसाचे नाव घेतो, अरुण काकडे. मुंबईत 'आविष्कार' नावाची नाटकमंडळी आहे. तिची मुलांची शाखा 'चंद्रशाला'. ती सुलभा देशपांडे यांनी वाढवली. सुलभाताई मोठ्या नटी, पण मुळात दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका. म्हणजे आमच्याच जातकुळीच्या! चंद्रशालेचे 'दुर्गा झाली गौरी' हे नाटक पुष्कळ चालले. त्यात पोरांची सेनाच्या सेना होती. अशी सेना रंगमंचावर नाचते तेव्हा मागे कोणीतरी जागा ठरवतो, पैसे मोजतो, कोणाचे काही राहिले का ते बघतो. आविष्कारात हे काम काकड्यांनी पन्नासेक वर्षे केले. लोकांना नटांची नावे पाठ. काकड्यांचे नाव नाटकवाल्यांनाच माहीत. पण 2014 साली आपल्या पंढरपूरला नाट्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष म्हणून काकड्यांना बसवले. पडद्यामागच्या माणसाला पुढच्या खुर्चीवर बसवले. 2019 साली ते वारले. बसवायचे ते जिवंतपणी बसवले, हे मला फार बरे वाटते.

कारण आपण तसे केले नाही. मी केले नाही.

आज सत्काराच्या यादीत पहिले नाव आपल्या पहिल्या खजिनदारांचे आहे. धंद्याने शिंपी. गावात सगळे त्यांना दादा म्हणत. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो. 1994 सालची दिवाळी. शाळेच्या पटांगणात नाटक होते. दादांनी सतरा मुलांचे कपडे शिवले. शिलाई एक पैसा घेतली नाही. कापड तालुक्याच्या दुकानातून आणले, 260 रुपयांचे. नाटकाच्या रात्री झोळी फिरवायची आणि त्यातून पैसे भागवायचे, असे ठरले होते. पहिला अंक संपला आणि अवकाळी पाऊस आला. लोक पळाले. झोळी फिरलीच नाही. मंडळाकडे होते 85 रुपये.

आठ दिवसांनी हिशेबाची सभा झाली. दादांनी वही पुढे ठेवली. खर्च, कापड, रुपये 260. जमा, वर्गणी, रुपये 85. आणि खाली लिहिले होते, देणगी, एक गृहस्थ, रुपये 175. हिशेब जुळला. पण गावातल्या एका वजनदार माणसाने विचारले, हा गृहस्थ कोण? नाव का नाही? बिल कुठे आहे? बिल पावसात भिजून गेले होते. मग दुसरा म्हणाला, "कापड पोरांच्या अंगावर किती आलं आणि दुकानात किती गेलं, देव जाणे." लोक हसले.

दादांनी माझ्याकडे बघितले. हा माणूस रात्री दोन वाजेपर्यंत मशीन चालवताना मी डोळ्यांनी बघितला होता. मी चिटणीस. मी बोलायला हवे होते. पण तो वजनदार माणूस माझी बदली करवील, ही मला भीती. माझी बायको तेव्हा बाळंत होती. मी खाली मान घालून कागद चाळत राहिलो. दादांनी वही आणि कपड्यांच्या पेटीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. चप्पल घातली आणि निघून गेले. पुढे तीन वर्षे गावात मुलांचे नाटक झाले नाही.

1996 च्या जानेवारीत मी लेझीमच्या पथकासाठी फेट्यांचे कापड आणायला त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, तुमच्या नाटकाची उधारी बघा, आता पस्तीसच राहिली. शिंपीदादा दर महिन्याला दहा रुपये आणून देतात."

तो गृहस्थ कोण, ते मला तेव्हा कळले.

मी तसाच दादांच्या घरी गेलो. ते काज करत होते. मी म्हणालो, दादा, सभेत सांगायचे होते ना. ते म्हणाले, "पोरांच्या नाटकावर कर्ज आहे असं वहीत लिहायला बरं वाटेना, गुरुजी." आणि मला चहा दिला. मी चहा प्यालो. पुढची सभा होईल तेव्हा सगळ्यांपुढे सांगेन असे मनात ठरवले. सभा झाल्या. मी सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता दादा 2011 साली वारले. गावात अजून काही लोक "कापड दुकानात गेलं" म्हणून ती गोष्ट हसत सांगतात. मी ऐकली आहे. म्हणून आज हे बोललो. त्यांनी कापड खाल्ले नाही. गावानेच त्यांचे 175 रुपये आणि त्याहून जास्त काही खाल्ले. आणि चिटणीस गप्प बसला होता.

दादांच्या मागे वहिनी आहेत. त्या समोर बसल्या आहेत. मागच्या वर्षी त्या आपल्या साक्षरतेच्या वर्गाला येऊ लागल्या. एक दिवस मला म्हणाल्या, "गुरुजी, ती वही तुमच्यापाशी आहे म्हणतात. मला त्यांचं अक्षर वाचायचं आहे." मी म्हणालो, वहिनी, एकट्याने नको, सगळ्यांसमोर वाचा.

शाल आणि नारळ नंतर देऊ. वही मी आणली आहे. वहिनी, पुढे या. पाऊल जपून टाका, पोरांनी इथे दोरी बांधली आहे. हे पान. इथून वाचा, जमा.

काय रे? मिशा चिकटल्या? राक्षसाला म्हणावे, थोडा थांब.