उसाचं टिपरू आणि चहाचा कप

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. कारखान्यात पॅनवर साखर शिजवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सोमेश्वरनगरात उभं राहून साखरेविषयी वाकडं बोलायचं, हे जरा अवघडच. याच साखरेवर आपली घरं उभी राहिली, पोरं शिकली. तेव्हा मी साखरेला शिव्या द्यायला आलेलो नाही. माझ्या जिभेची गोष्ट सांगायला आलोय.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मला शुगर निघाली. थोरल्या भावाचा पाय याच आजारानं गेलेला, त्यामुळे मी घाबरलो. गोड एकदम बंद केलं. पण दुपारचे चार वाजले की जीव कासावीस व्हायचा. बिस्किटं, खारी, फरसाण, जे हाताला लागेल ते. रात्री घरातली माणसं झोपली की मी चोरासारखा डबे उघडायचो. सकाळी स्वतःचीच लाज वाटायची. वाटायचं, आपल्यात मनाचा निग्रहच नाही.

मग एकदा सहज हिशोब मांडला. एक टन उसातून साधारण शंभर-एकशे दहा किलो साखर निघते. म्हणजे किलोभर उसात शंभर ग्रॅम. शिफ्टला मी आठ कप चहा प्यायचो, कपाला दोन चमचे. ही झाली सुमारे ८० ग्रॅम साखर. म्हणजे रोज जवळपास एक अख्खा ऊस मी एकदाही दात न लावता खात होतो! तोच ऊस सोलून, चावून खायला बसा. दोन टिपरी खाल्ली की जबडा दुखतो, पोट भरतं आणि माणूस आपोआप थांबतो. कारखान्यात आपण काय करतो? बगॅस बाजूला, मळी बाजूला, राहते ती फक्त साखर. थांबवणारं जे असतं, ते चिपाडाबरोबर निघून जातं.

मैद्याचंही तेच. कोंडा गेला की बिस्किट तोंडात विरघळतं, पोटाला पत्ता लागायच्या आत पुडा संपतो.

मग सौभाग्यवतींनी सूत्रं हातात घेतली. बंदी काही घातली नाही, उलट जेवण वाढवलं. सकाळी बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, दही. कधी हुलग्याचं माडगं. चार वाजता मूठभर शेंगदाणे-फुटाणे किंवा एक पेरू. पहिले पंधरा दिवस मी चिडचिडा झालो होतो, शेजाऱ्यांना विचारा! महिना-दीड महिन्यानं लक्षात आलं, चार वाजून गेले तरी डब्याची आठवण आली नव्हती. चहात आता अर्धा चमचा साखर, तीही पुष्कळ गोड लागते.

माझ्या एकट्याच्या अनुभवावर विसंबू नका. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० माणसांना तिथंच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे साधं घरच्यासारखं शिजवलेलं. दोन्ही वेळा वाढलेल्या ताटात साखर, चरबी, तंतू आणि कॅलरी सारख्याच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. चव दोन्हीची सारखीच आवडली होती. माणसं तीच होती, निग्रहही तोच होता. बदललं होतं फक्त ताट.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. गूळ खाल्ला म्हणजे सुटलो, असं समजू नका. शुगरवाल्याला गूळही साखरच. आणि भाकरी सुरू केली म्हणून गोळ्या बंद करू नका. माझ्या कमी झाल्या, त्या डॉक्टरांनी तपासून केल्या. सणाला पुरणपोळी मी आजही खातो. इच्छा मेलेली नाही, फक्त ती आता माझ्या मानगुटीवर बसत नाही.

शेवटी एक विनंती. पंचवीस वर्षं आपल्या प्रत्येक मीटिंगला क्रीमची बिस्किटं आणि गोड चहा असतो. सव्वीसाव्या वर्षी फुटाणे-शेंगदाणे ठेवूया, थंडीत हुरडा करूया. ज्यांना शुगर आहे त्यांना वेगळं बसवायला नको, सगळ्यांनी एकच खाऊया. आणि पोरांना उसाचं टिपरू द्या, हातात सोलून. गोड कुठे थांबतं, ते त्यांना दातांनीच कळू द्या.