समानार्थी शब्दांमधील अंतर

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याला कोशात एका शब्दापुढे चार-पाच समानार्थी शब्द दिलेले आढळतात, आणि त्यांपैकी कोणताही उचलला तरी काम भागेल असा त्याचा समज होतो. इंग्रजीत अशा शब्दांची रेलचेल का, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जुन्या सॅक्सन शब्दांच्या जोडीला फ्रेंच शब्द येऊन बसले. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून आणखी भर घातली. 'आस्क' हा घरातला शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचांकडून आलेला, तर 'इंटरॉगेट' लॅटिनमधून घेतलेला. तिन्हींचा अर्थ विचारणे हाच. परंतु आई मुलाला 'इंटरॉगेट' करू लागली तर मूल घाबरेल. आपल्याकडेही विचारपूस निराळी आणि चौकशी निराळी.

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर तो साहित्यिकांवर सोपवून आपण मोकळे झालो असतो. परंतु आपली राज्यघटना मुळात इंग्रजीत लिहिली गेली, आणि तेथे अशाच निवडीवर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहिले.

आधी एक सोपे उदाहरण घेऊ. न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीशांचे 'कन्सल्टेशन' घ्यावे की 'कन्करन्स', म्हणजे सल्ला घ्यावा की संमती, हा प्रश्न घटना समितीपुढे आला. सरकार व सरन्यायाधीश यांचे मत जुळते तोवर दोन्ही शब्द सारखेच. मत फुटले की एकात सरकारचा शब्द अखेरचा ठरतो आणि दुसऱ्यात सरन्यायाधीशांचा. डॉ. आंबेडकरांनी मे १९४९ मध्ये संमतीचा पर्याय नाकारला. पुढे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सल्ला या शब्दालाच जवळजवळ संमतीचे वजन दिले.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. कायद्याने ठरविलेल्या मार्गाखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, हे सर्वांस मान्य होते. हे सांगण्यासाठी अमेरिकन घटनेतील 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हे शब्द समोर होते. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ मध्ये अमेरिकेत गेले असता न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केले : या शब्दांमुळे लोकप्रतिनिधींचे कायदे रद्द करण्याची सत्ता मूठभर न्यायाधीशांच्या हाती जाते. मग मसुद्यात 'प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ' हे शब्द आले. वरवर पाहता दोन्हींचा आशय एकच. तथापि 'ड्यू' या लहानशा शब्दात उचित, न्याय्य असा भाव आहे; 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे केवळ ठरवून दिलेली. डिसेंबर १९४८ मध्ये आंबेडकरांनी दोन्हीकडील धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोपविला. सभागृहाने मसुद्यातील शब्द कायम केले.

परिणाम लवकरच दिसला. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या ए. के. गोपालन यांच्या खटल्यात १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, कायदेमंडळाने पद्धत ठरविलेली आहे एवढे या कलमापुरते पुरे. ती न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नाही. गाळलेल्या एका शब्दाची ही किंमत होती. मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात १९७८ साली न्यायालयाने ही भूमिका सोडली आणि पद्धत न्याय्य, उचित व वाजवी असलीच पाहिजे, असा निर्णय दिला. दारातून परत पाठविलेला अर्थ अठ्ठावीस वर्षांनी खिडकीतून आत आला!

दोन इंग्रजी शब्दांत निवड करताना कोशाबरोबर आणखी एक कसोटी हाताशी ठेवावी. ज्या प्रसंगी त्यांचे अर्थ एकमेकांपासून वेगळे पडतील असा एखादा प्रसंग कल्पावा, आणि त्या प्रसंगी आपणांस काय म्हणावयाचे आहे हे आधी ठरवावे. पत्र लिहिणाऱ्याला ही कसोटी गैरसमजापासून वाचवील. कायदा लिहिणाऱ्याने मात्र शाई वाळण्यापूर्वी, तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो शब्द एकदा वाचून पाहावा.