कंसातली नोंद



आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा संगणकात माहिती कशी मांडावी यावर आम्ही बोलावे, हे धाडसच. पण एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीने आम्हाला या विषयात ओढले.

हा गृहस्थ एकाच मालकाच्या दोन कारखान्यांत मिळून सात वर्षे राबला. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याला पाच वर्षांची सलग नोकरी पुरेशी होती. कंपनीची यादी मात्र म्हणे, नोकरी दोनच वर्षे! यादीत ‘कारखाना’ आणि ‘रुजू तारीख’ असा एकेकच रकाना. बदली झाली तशी कारकुनाने जुन्यावर नवे लिहिले आणि पाच वर्षे गडप झाली. अखेर बायकोने पत्र्याच्या डब्यात जपलेल्या पगारचिठ्ठ्या कामी आल्या.

आमच्या मते दोष कारकुनाचा नव्हे, आराखड्याचा. रकाने आखण्याआधी वस्तू कोणत्या आणि त्यांची नाती कोणती हे चित्राने मांडावे, अशी रीत पीटर चेन यांनी १९७६ साली घालून दिली. कामगार ही एक वस्तू, कारखाना दुसरी, नेमणूक हे त्यांतले नाते. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा त्या नात्याच्या, माणसाच्या नव्हेत. मग बदली झाली की खोडायचे काहीच नाही. जुन्या नात्याला ‘पर्यंत’ लावायचे आणि नवे मांडायचे.

जागेचेही तसेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. बोईसरचे कारखाने तसूभर हलले नाहीत, जिल्हा मात्र बदलला. हद्दीलाही तारखा नसतील, तर तिथला २०१० चा अपघात कोणत्या जिल्ह्यात मोजाल?

शिवाय तारखा दोन असतात: गोष्ट घडली ती आणि वहीत चढली ती. हे तलाठ्याला कोणी शिकवावे लागले नाही! खरेदीचा दिवस निराळा, फेरफाराचा निराळा. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव कंसात जाते, पण वाचता येते. संगणकाच्या एसक्यूएल भाषेच्या प्रमाणकात अशा दुहेरी काळाची सोय २०११ साली आली.

हे सारे मालकाला ऐकवून आम्ही परतलो आणि आपलीच सभासदवही उघडली. पत्ते खोडून त्यावरच नवे लिहिलेले! खालची अक्षरे भिंगाने वाचण्याचे काम अजून चालू आहे. शाई गडद आहे तिथे सभासदाच्या घरी जाऊन विचारावे लागते.