आखाजी : न विचारता मिळालेला मुहूर्त



ज्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे आयुष्य उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील कामकरी मराठी कुटुंबांच्या मुलांना शिकविण्यात गेले. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून बोलावयाचे, तर विषयही याच घरांतला असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी वर्षातील एकाच दिवसाविषयी बोलणार आहे. पंचांगात त्याचे नाव वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजेच अक्षय्य तृतीया. आपल्या गुजराती शेजाऱ्यांची ती अखात्रीज. आणि तापीच्या वरच्या अंगाने येथे आलेल्या आपणा खानदेशी माणसांची ती आखाजी.

मुलताईला उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून सुरतेजवळ समुद्राला मिळते. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असे करीत उधन्याला येणारी रेल्वेही याच खोऱ्यातून धावते. या वाटेने माणसे आली, त्यांच्याबरोबर अहिराणी आली आणि आखाजीही आली. परंतु सण गाठोड्यात बांधून आणता येतो, त्याच्या भोवतीचे जग आणता येत नाही. तेव्हा या दिवसातले आपल्याजवळ काय उरले आणि काय उरावे, हा माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम आकाशाकडे पाहू. ज्योतिषशास्त्र सांगते की, या दिवशी सूर्य व चंद्र हे दोघेही आपापल्या उच्च राशीत असतात. सूर्य मेषेत, चंद्र वृषभेत. ऐकताना वाटते की, हा मोठा दुर्मिळ योग असावा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वहीत थोडे गणित करून पाहा. सूर्य मेष राशीत असताना जी अमावास्या होते, तिच्यानंतर आपला वैशाख सुरू होतो. ही या महिन्याची व्याख्याच आहे. अमावास्येला सूर्य व चंद्र एकत्र असतात. पुढे चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेला की एक तिथी पूर्ण होते. म्हणजे तृतीयेला तो सूर्याच्या २४ ते ३६ अंश पुढे असणार. एक रास ३० अंशांची. सूर्य मेषेत असेल, तर चंद्र बहुधा पुढच्या राशीत, म्हणजे वृषभेत, सापडणारच. सूर्यचंद्रांची ही उच्च स्थिती दैवयोगाने लाभत नाही, ती कालगणनेच्या रचनेतूनच दरवर्षी निष्पन्न होते. धर्मग्रंथांनी या तिथीला बुधवार व रोहिणी नक्षत्र यांची जोड मिळाली तर ती विशेष मानली आहे. २०२५ साली ३० एप्रिलला तसा योग आला होता.

हे मी या दिवसाचे महत्त्व कमी करण्यासाठी सांगत नाही. मला तर यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण दिसते. एरवी लग्न, वास्तू, पेरणी, प्रवास, प्रत्येक गोष्टीसाठी ज्याला ज्योतिषाच्या दाराशी जावे लागे, त्या सामान्य माणसाला वर्षातले काही दिवस असे दिले की, त्या दिवशी कोणालाही विचारावयाचे नाही. साडेतीन मुहूर्तांची कल्पना ती हीच. गुजरातीत अखात्रीजेला ‘वणजोयुं मुहूर्त’, म्हणजे न पाहिलेला मुहूर्त, म्हणतात. दक्षिणा देण्यास ज्याच्याजवळ पैसा नाही, त्यालाही शुभारंभ करण्याची ही मोकळीक होती. ‘मोकळीक’ हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. माझ्या मते या दिवसाचे सारे मर्म त्यात आहे.

आता घरात येऊ. खानदेशात आखाजीला नवी मातीची घागर पाण्याने भरून पूजतात, तिच्यावर लहान भांडे ठेवतात, आंबा व खरबूज ठेवतात आणि गेलेल्या माणसांच्या नावाने नैवेद्य दाखवितात. विस्तवावर घास सोडून आगारी टाकतात. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोरी आणि कुरडया यांचा बेत असतो. पितरांना आंबा दिल्याखेरीज आपण तो खावयाचा नाही, असा पुष्कळ घरांत दंडक असे. या तिथीला सांगितलेल्या दानांची जुनी यादी पाहिली, तर तीत पाण्याचा कुंभ, छत्री, पंखा, पादत्राणे आणि सातू आढळतात. ही सारी उन्हाने पोळलेल्या माणसाला दिलासा देणारी दाने आहेत. ‘अक्षय्य’ म्हणजे न संपणारे. जे दिले ते संपत नाही, असा त्याचा अर्थ आहे. आज सोन्याच्या पेढ्यांच्या जाहिरातींनी जे घेतले ते संपत नाही, असा नवा अर्थ रूढ केला. देण्याचा दिवस घेण्याचा झाला. सोने घेण्यात पाप नाही. परंतु घागर विसरून सोने आणले, तर तो दिवस आपण साजरा केला नाही, केवळ खरेदी केली.

शेजारधर्म म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुरतेतील जैन बांधव या दिवशी वर्षीतपाचे पारणे करतात. भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ योग्य भिक्षा मिळाली नाही. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस दिला आणि त्यांचे पारणे झाले, अशी ती कथा. तेथेही दिवसाचा गाभा तोच आहे : तहानेल्याला पेयाचे दान, आणि दीर्घ निग्रहानंतरची सुटका.

पितरांमागोमाग आठवते ती लेक. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यावर बसते आणि महिनाभर माहेरपण भोगून अक्षय्य तृतीयेला निघते. खानदेशात ती गौराई. देवीच माहेरी येते म्हटल्यावर मानवी लेकींना कोण अडविणार? गावोगाव निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, सासुरवाशिणी माहेरी येतात, गाणी म्हणतात आणि तेवढे दिवस त्यांना कोणी कामाला हाक मारीत नाही. असोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) आखाजीवर गाणे रचले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी साहित्याला नवे धन मिळाले. ज्या सणात बाईला दोन घटका स्वतःच्या मालकीच्या मिळतात, त्या सणावर तिला गाणे सुचते, यात नवल ते काय!

पुरुषांची मोकळीक निराळी. काही ठिकाणी ती पत्त्यांच्या डावात उधळली जाते, तिचे कौतुक मी करणार नाही. परंतु दुसरी एक मोकळीक फार मोलाची होती. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला संपे. वर्षभर एकाच्या शेतावर राबणारा गडी त्या दिवशी हिशेब करी. पटले तर पुढच्या सालाचा करार करी, न पटले तर दुसऱ्या मालकाकडे जाई. कर्जाने बांधलेल्या गड्याला हे स्वातंत्र्य पुष्कळदा नावापुरतेच राही, हे खरे. तरीही वर्षातून एक दिवस असा होता की, त्या दिवशी राबणाऱ्याने मालकासमोर उभे राहून ‘माझा हिशेब करा’ म्हणणे हा रिवाज होता, उद्धटपणा नव्हता. यंत्रमागावर बारा बारा तास उभे राहणाऱ्या आपल्या माणसांना असा दिवस कोणता, हा प्रश्न मी या सभागृहात केवळ मांडून ठेवतो.

शेतकऱ्याचेही नवे वर्ष येथूनच धरले जाते. गुजरातेत अखात्रीजेला नांगराची पूजा करून पहिले तास काढतात. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे या दिवशी शेतात घट मांडतात, भोवती निरनिराळी धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पाऊस, पीक, एवढेच नव्हे तर राज्यकर्त्यांचे भवितव्यही सांगतात. दूरदूरचे शेतकरी तेथे जमतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, असे आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते योग्यच आहेत. आपल्या देशात हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली, पावसाचे दीर्घकालीन अंदाज १८८६ पासून दिले जाऊ लागले. पेरणी त्या अंदाजाच्या आधारेच करावी. मात्र त्या घटाभोवती रात्र काढणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हसण्याचा अधिकार, ज्याचे पोट पावसावर अवलंबून नाही, अशा आपणांस नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे वळतो.

ज्या दिवशी मुहूर्त विचारावा लागत नाही, त्या दिवशी लग्ने फार होतात. त्यातही परंपरा एकमुखी नाही. २०२४ साली १० मे रोजी अक्षय्य तृतीया होती, तेव्हा गुरू व शुक्र हे दोन्ही ग्रह अस्तंगत होते आणि त्यामुळे पंचांगांत विवाहमुहूर्त नव्हते. म्हणजे शास्त्र मानणाऱ्यांनीही या दिवशी काहीच विचारावयाचे नाही, असे म्हटलेले नाही. परंतु देशात अनेक ठिकाणी न विचारण्याची ही सवलत मुलीच्या वयापर्यंत ताणली गेली. मुहूर्त विचारला नाही, वयही विचारले नाही, आणि मुलीला तर विचारलेच नाही. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नाने १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, तेव्हा मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा होते. १९७८ साली ते अठरा झाले व मुलाचे एकवीस. २००६ साली नवा, अधिक कडक कायदा आला. आजही आखाजी जवळ आली की सरकारी अधिकाऱ्यांना अशा लग्नांवर लक्ष ठेवावे लागते.

मी अनेक वर्षे शिक्षक होतो. आखाजी कधी एप्रिलमध्ये येते, कधी मे महिन्यात. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती आणि पुढच्याच वर्षी १० मे रोजी. ज्या वर्षी ती उन्हाळी सुट्टीच्या सुमारास येई, त्या वर्षी गावी गेलेली मुले जूनमध्ये परतण्याची मी जरा अधिकच काळजीने वाट पाही. एका वर्षी नववीच्या वर्गात जाणारी एक मुलगी परतली नाही. तिचे अक्षर फार सुरेख होते. चौकशी केली तेव्हा तिच्या भावाने खाली मान घालून सांगितले, “गुरुजी, तिचं आखाजीला उरकलं.” ‘उरकलं’ हा शब्द मला फार लागला. काम उरकतात, माणूस नव्हे. त्या वेळी ती चौदा वर्षांची होती.

श्रोतेहो, विसंगती पाहा. ज्या सणाची देवी माहेरी येऊन झोक्यावर बसते, जो सण लेकीला सासरच्या कामातून सोडवून आणण्यासाठी आहे, त्याच दिवशी चौदा वर्षांच्या लेकीला कायमचे बांधून टाकावयाचे! ज्या दिवशी सालदारालासुद्धा ‘पुढच्या वर्षी राहतोस का?’ असे विचारीत, त्या दिवशी मुलीला काहीच विचारावयाचे नाही! यात केवळ कायद्याचा भंग होत नाही, प्रत्यक्ष आखाजीचाच भंग होतो. परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी तर हे सर्वांआधी थांबविले पाहिजे.

म्हणून पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्यासाठी आखाजी एकच : झोक्याची. पुढे तिचे लग्न झाले की, कितीही अडचण असो, तिला या दिवसांत माहेरी आणा. दोन खोल्यांच्या घरात झोका बांधण्यास जागा नसेल; तिला उशिरापर्यंत झोपू द्या, तिच्या हातातले भांडे काढून घ्या, एवढेही माहेरपण पुरेसे आहे. घागर भरा, आणि दुसरी एक घागर रस्त्यावरून जाणाऱ्या हातगाडीवाल्यासाठी दाराबाहेर ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक काम सांगतो. सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आपली शाळा आहे, घरोघर अहिराणी बोलणाऱ्या आज्या आहेत. आजीजवळ बसा. गौराईची जी गाणी तिला आठवतात, ती तिच्याच बोलीत, शब्द न सुधारता, वहीत उतरवून घ्या. तिच्या गावचा झोका कोठे बांधीत, घागरीवर काय ठेवीत, हे लिहा. आणि सर्वांत शेवटी, लग्नाच्या वेळी तिचे वय काय होते, तेही विचारा. गाणी जपण्यासाठी आहेत. त्या वयाचा आकडा आपल्या घरात पुन्हा येऊ नये, म्हणून लिहून ठेवावयाचा आहे. दोन्ही एकाच वहीत असू द्या.

पंचांगाने हा दिवस आपणांस कोणालाही न विचारता दिला आहे. त्याचा उपयोग कोणाला मोकळे करण्यासाठी करावयाचा, एवढे मात्र आपण स्वतःला विचारले पाहिजे. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांनी आयुष्यभर मुलांना शाळेत थांबवून धरण्याचेच काम केले. सुट्टीनंतर आपल्या वर्गात एकही बाक अशा कारणाने रिकामा न राहणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.