मधुमेह आणि हृदयांतील चुली



दापोली तालुक्यांतील आंजर्लें हें गांव आपणांपैकीं पुष्कळांस तेथील कड्यावरच्या गणपतीमुळें ठाऊक असेल. मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेलीं कोंकणांतलीं कुटुंबें सवड काढून तेथें जातात. टेकडी चढतांना घरांतील एखादें वडील माणूस मध्येंच थांबतें, त्यास धाप लागते. "आतां वय झालें," असें तें म्हणतें आणि इतरहि मान डोलावतात. तें माणूस मधुमेही असेल, तर हा निर्णय घाईचा ठरण्याचा संभव आहे. तो कां, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मधुमेहानें हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, हें आतां सर्वश्रुत आहे. परंतु १९७२ सालीं अमेरिकेंतील डॉ. रुब्लर व त्यांचे सहकारी ह्यांनीं चार मधुमेही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचें हृदय दुर्बळ झालें होतें. पण मोठ्या रक्तवाहिन्यांत त्यास पुरेसें कारण सांपडलें नाहीं. दोष खुद्द हृदयाच्या स्नायूंत होता. पुढें १९७४ सालीं फ्रेमिंगहॅम येथील पाहणींत मधुमेही पुरुषांत हृदय दुर्बळ होण्याचें प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक, आणि स्त्रियांत सुमारें पांचपट आढळलें.

स्नायूंत बिघडतें तरी काय? हृदय दिवसाकांठीं सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें. त्यास रजा नाहीं, आणि शक्तीची शिल्लकहि कांहीं क्षणांपुरतीच. म्हणून त्याच्या प्रत्येक पेशींत असंख्य सूक्ष्म चुली अहोरात्र पेटलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांस मायटोकॉण्ड्रिया म्हणतात, मराठींत तंतुकणिका. हृदयपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनींच व्यापलेला असतो. स्निग्धांश आणि साखर प्राणवायूच्या साह्यानें जाळून त्या शक्ति निर्माण करतात.

निरोगी हृदय हीं दोन्हीं सरपणें प्रसंग पाहून वापरतें. मधुमेहांत इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. साखर रक्तांत विपुल असूनहि पेशींत पुरेशी शिरत नाहीं, उलट रक्तांत स्निग्धाम्लें वाढतात. हृदय मग बहुतांशीं त्यांवरच गुजराण करूं लागतें. पण तेवढीच शक्ति मिळविण्यास स्निग्धांशाला साखरेपेक्षां अधिक प्राणवायु लागतो. कोंकणांतील पावसाळ्यांत ओलें लांकूड चुलींत घालणाऱ्या गृहिणीस हा अनुभव नवा नाहीं: सरपण फार, धूर फार, आंच थोडी. तंतुकणिकांतूनहि असा धूर निघतो. प्राणवायूचे अतितीव्र कण त्यांच्याच भिंतींस आणि त्यांच्या स्वतःच्या जनुकद्रव्यास इजा करतात. जीर्ण चुली मोडून नव्या घालण्याचें पेशीचें नित्याचें कामहि मग मागें पडतें. ह्या बिघाडांत रोगाचें कारण किती आणि परिणाम किती, ह्याविषयीं संशोधन अद्याप चालू आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हृदयास आकुंचनासाठींच नव्हे, तर सैल होण्यासाठींहि शक्ति खर्चावी लागते. कारण प्रत्येक ठोक्यानंतर कॅल्शियम पुनः कोठारांत भरावें लागतें. शक्ति अपुरी पडली कीं हृदय प्रथम ताठर होतें. म्हणून बसल्याजागीं सर्व ठीक भासतें, आणि चढावर मात्र धाप लागते.

"आम्ही कोठें स्थूल आहोंत?" असें म्हणून कोणी निर्धास्त राहूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनीं २००४ सालीं आपलीं दोघांचीं मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण शरीरांतील मेद युडकिन ह्यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांचा २१.२ टक्के! आपल्याकडील सडपातळ देहांतहि मेद असा लपून बसतो.

उपाय आहेत. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणींत, मधुमेहाबरोबर हृदयरोगहि असलेल्या रुग्णांत, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या औषधानें हृदयदौर्बल्यासाठीं रुग्णालयांत जाण्याचें प्रमाण ३५ टक्क्यांनीं घटलें. अर्थात् औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें. नित्याच्या चालण्यानें स्नायूंतील तंतुकणिका वाढतात. हा उपाय बिनखर्चाचा आहे, परंतु ज्यांस धाप लागते त्यांनीं आधीं तपासणी करून घ्यावी. हृदयाच्या ध्वनिलहरींच्या चित्रानें ताठरपणा वेळींच उमगूं शकतो.

मुलें शहरांत आणि आईवडील गांवीं, ही कोंकणांतील घरोघरची स्थिति. दूरध्वनीवर आपण "साखर किती आली?" एवढेंच विचारतों. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे: चढ चढतांना थांबावें लागतें काय? रात्रीं उशा वाढवाव्या लागतात काय? संध्याकाळीं पाय सुजतात काय? ह्यांपैकीं एकाचेंहि उत्तर होकारार्थी आलें, तर वयास दोष न देतां डॉक्टरांकडे जावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.